स्कॅनरवरची भाकरी

उज्ज्वला गेल्याचं तिकडच्या लोकांना कळलं तो जव्हारच्या बाजाराचा दिवस होता. तिला जाऊन तोवर पंधरवडा होत आला होता. सासरी साखरशेतात कळलं होतं, माहेरी मोखाड्याला कळलं होतं, जामसरचे पाहुणे येऊन भेटून गेले होते. दिवसही झाले होते. राहिले होते ते फक्त कॉम्प्युटरमधले लोक, आणि रोहिदासला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

तो तिची पिशवी न्यायला दुकानात आला होता. पाचबत्ती नाक्याच्या अलीकडे सुदर्शनभाऊंचं फोटोचं दुकान. पुढे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, मागे पडद्याआड दोन कॉम्प्युटर. एकावर हर्षदा बसायची, दुसऱ्यावर उज्ज्वला. हर्षदा मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि उज्ज्वला जुने फोटो दुरुस्त करायची. रोहिदास गावच्या शाळेत शिपाई होता. सकाळी बायकोला जीपमध्ये बसवून द्यायचं आणि मग शाळेची घंटा द्यायला जायचं, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं.

"बसा भाऊजी," हर्षदा म्हणाली. पिशवी तिनं आधीच काढून ठेवली होती. डबा, छत्री, एक जुनी शाल. "पिशवी न्यालच. पण त्याआधी एक काम आहे. माझ्याच्यानं होईना."

"काय झालं?"

"ही माणसं रोज विचारतायत. मी त्यांना अजून काहीच सांगितलं नाही."

तिनं कॉम्प्युटरचा डबा त्याच्याकडे वळवला. इंग्रजीच्या ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला एकेक चौकोनी चेहरा होता. मोठे डोळे, एवढंसं नाक, निळे हिरवे केस.

उज्ज्वलाचं काम रोहिदासला ठाऊक होतं, पण शेजाऱ्याचं शेत ठाऊक असतं तेवढंच. तालुक्यातले लोक मेलेल्या आईबापांचे काळे-पांढरे फोटो घेऊन यायचे आणि रंगीत करून द्या म्हणायचे. पहिल्यांदा तिला ते जमत नव्हतं. माणूस भिंतीला चुना मारल्यासारखा दिसायचा. मग हर्षदानं इंटरनेटवर शोधून एक साइट काढली. तिथं देशोदेशीची मुलंमुली जपानी चित्रकथांतली काळी-पांढरी पानं घ्यायची, त्यातला एखादा चेहरा कापून फोटोशॉपमध्ये रंगवायची आणि टपालाच्या तिकिटाएवढा करून आपल्या नावाशेजारी लावायची. त्याला ते आयकॉन म्हणायचे. कसं रंगवायचं ते एकमेकांना पायरीपायरीनं शिकवायचेही. उज्ज्वला तिथं शिकली. तिला शिकवलं तेरेसा नावाच्या बाईनं. ती फिलिपाईन्समधल्या सेबू बेटावर राहायची. मूळच्या काळ्या रेघेला हात लावायचा नाही, रंग वेगळ्या काचेवर, म्हणजे फोटोशॉपमधल्या लेयरवर, भरायचा आणि ती काच चित्रावर ठेवायची. केसांची काच वेगळी, कातडीची वेगळी, म्हणजे चुकलं तर तेवढीच काच पुसता येते. उज्ज्वला संध्याकाळी चुलीपुढे बसून हे हातवारे करून सांगायची. रोहिदास हं हं म्हणायचा.

तिथं शिकलेलं तिनं इथं वापरलं. पोशेऱ्यापासून साखरशेतापर्यंत कितीतरी घरांत तिनं रंगवलेले म्हातारे-म्हाताऱ्या भिंतीवर बसले होते. आणि वेळ मिळाला की ती त्या लोकांसाठी आयकॉन करायची. त्याचे पैसे कोणी देत नव्हतं, कोणी मागतही नव्हतं.

पहिल्या आयकॉनचा किस्सा मात्र रोहिदासला पाठ होता, कारण तो तिनं हसत हसत पुष्कळदा सांगितला होता. कोणीतरी एका पोराचं चित्र दिलं होतं. केस काट्यांसारखे उभे, भुवया जाड, दात विचकलेले, त्यात दोन सुळे. उज्ज्वलाचा बाप ढवळू मोखाड्याच्या बोहाड्याच्या जत्रेसाठी मुखवटे रंगवायचा. देवांची आणि राक्षसांची सोंगं त्याच्या ओसरीवर ओळीनं वाळत असायची, आणि लहानपणी ही त्याला रंग कालवून द्यायची. सुळे म्हणजे राक्षस हे तिच्या डोक्यात तेव्हापासूनचं. तिनं त्या पोराचं तोंड तांबडंभडक केलं, डोळ्यांभोवती पिवळं कडं काढलं, सुळे पांढरेशुभ्र केले आणि पाठवून दिलं. तिकडे हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तो त्या कथेतला नायक होता. गरीब, सरळ पोरगा. तोंड साध्या माणसाचं, केस पिवळे. उज्ज्वलानं हर्षदाकडून त्यांना इंग्रजीत माफीचं लिहवून घेतलं आणि बापाच्या मुखवट्यांचंही सांगितलं. मग काय झालं, तर निम्मे लोक म्हणायला लागले, आम्हालाही तसलंच तांबडं तोंड पाहिजे. पण त्या दिवसापासून तिनं एक नेम केला. विचारल्याशिवाय रंग भरायचा नाही. आयकॉन असो नाहीतर कोणाचा बाप असो, आधी विचारायचं, टोपी कसली होती, लुगडं कुठलं होतं. ज्याला आठवत नसेल त्याला ती परत पाठवायची. घरी जाऊन विचारून या म्हणायची. लोक वैतागायचे. सुदर्शनभाऊही वैतागायचे.

आता ती कॉम्प्युटरमधली माणसं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

"काय विचारतात?" रोहिदास म्हणाला.

"हा विचारतो, माझ्या आयकॉनचे केस झाले का. ही म्हणते, आजारी आहेस का. आणि ही तेरेसा. ती म्हणते, तुझी भातलावणी अजून संपली नाही का गं? शेत आहे की अख्खा देश?" हर्षदानं डोळे पुसले. "तिच्याकडेही भातच पिकतं. त्यावरून दोघींचं फार चालायचं. तुम्ही सांगा भाऊजी. मी इंग्रजीत लिहिते."

माणूस गेल्याचं तोंडानं सांगायची रोहिदासला आता सवय झाली होती. पण समोर तोंडच नव्हतं.

"लिही. उज्ज्वला वारली."

हर्षदानं लिहिलं आणि थांबली.

"ताप आला. इथून नाशिकला नेली. तिथं वारली. तुमची कामं तिच्याकडे होती ती आता व्हायची नाहीत. राग मानू नका. रोहिदास, तिचा नवरा."

हर्षदानं बटण दाबलं आणि तेवढ्यात पंखा थांबला, कॉम्प्युटर काळा झाला. लोडशेडिंगची वेळ झाली होती.

"गेलं का?" रोहिदासनं विचारलं.

"गेली ना वीज."

"वीज नाही. ते गेलं का?"

"गेलं असणार."

पिशवी घेऊन तो जीपवर गेला.

पुढच्या बाजाराला तो मिठाला आणि तेलाला आला, आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. हर्षदानं त्याला पाहताच मुलांना थोडा वेळ बाहेर बसवलं.

"बघा भाऊजी."

पान तेच होतं, पण खूप लांबलं होतं. हर्षदा खाली सरकवत होती तरी संपत नव्हतं. आणि सगळे चेहरे करडे झाले होते. मागच्या खेपेला निळे हिरवे केस होते, ते आता राखेच्या रंगाचे. तांबड्या तोंडाचा राक्षस पोरगाही राखेचा.

रोहिदास पुढे वाकला. "तिचे रंग काढून टाकले?"

"हो. सगळ्यांनी."

"राग आला त्यांना. कामं राहिली म्हणून." तो उठायला लागला. "बरोबर आहे त्यांचं."

"अहो भाऊजी, बसा. राग नाही हा. हा त्यांचा दुखवटा आहे." हर्षदानं त्याच्या हाताला धरून बसवलं. "तेरेसानं सगळ्यांना कळवलं, की उज्ज्वलानं आपल्याला रंग दिला, तर तिच्यासाठी महिनाभर आपण आपला रंग उतरवू. तिनं ज्यांचे आयकॉन कधी केले नव्हते त्यांनीही उतरवलेत."

रोहिदास परत बघायला लागला. आता त्याला ते चेहरे वेगळेच दिसले. दहाव्याला नदीवर डोकी भादरून बसलेले भाऊबंद दिसतात तसे. यातला एकही माणूस त्यानं पाहिला नव्हता. उज्ज्वलानंही पाहिला नव्हता. जामसरच्या एका सख्ख्या नातलगाला यायला सवड झाली नव्हती, आणि ही माणसं जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात बसून सुतक पाळत होती.

"आणि राहिलेली कामं त्यांनी आपसांत वाटून घेतलीत," हर्षदा म्हणाली. "तुम्हाला काळजी करू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांना सांग," रोहिदास म्हणाला. "त्यांना सांग, आमच्याकडे आलात तर जेवून जायचं."

हर्षदानं तसंच लिहिलं.

पितृपक्षात रोहिदास मोखाड्याला सासूला भेटायला गेला. भागीचं आता वय झालं होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलं होतं, दुसरा पिकायची वाट बघत होता. उजेड आणि रंग तिला कळायचे, पण फिकट गोष्टी दिसायच्या नाहीत. राखाडी मांजर पायात येऊन घोटाळायचं तेव्हा तिला कळायचं.

तिनं पत्र्याच्या पेटीतून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला. उज्ज्वलाचा, लग्नाआधीचा, काळा-पांढरा. नोकरीसाठी नाव नोंदवायचं म्हणून काढलेला. तिचा एवढा एकच फोटो होता. लग्नात फोटोवाल्याचा रोल खराब झाला होता, आणि पुढे तिनं एवढ्या लोकांचे फोटो केले पण स्वतः कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. उद्या काढू, उद्या काढू म्हणायची.

"बघ रं," भागी म्हणाली. "तुला दिसतं का त्यात कोन?"

"उज्ज्वला आहे."

"मना नाय दिसत. मना निसता धूर दिसतो. हातात धरते, दाराशी नेते, धूरच." तिनं फोटो परत घेतला आणि पदरानं पुसला. "साऱ्या मुलखाची मेलेली मानसं रंगवली तिनं. शेजारच्या गंगीची सासू रंगवली. तिचा कोन रंगवल आता?"

रोहिदासनं फोटो मागून घेतला. आहे तेवढी नजर जाण्याआधी म्हातारीला तिची मुलगी एकदा नीट दिसली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं.

हर्षदानं प्रयत्न केला. दोन दुपारी लोडशेडिंग सांभाळून ती बसली. रोहिदास बघायला आला तेव्हा तीच म्हणाली, "हसू नका हं." फोटोतली उज्ज्वला पेढ्यासारखी झाली होती.

"माझा हात नाही त्यातला. ताई म्हणायची, तू सगळीकडे एकच रंग थापतेस. भाऊजी, तेरेसाला विचारू?"

"ती कशाला करेल?"

"विचारते तर."

तेरेसाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. करते म्हणाली. माझ्याकडूनच शिकली होती, मीच करणार, दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणाली. आणि खाली तिनं विचारलं होतं, कातडीचा रंग कसा होता?

हर्षदानं रोहिदासकडे पाहिलं. रोहिदासनं विचार केला. काळी म्हणावं तर काळी नव्हती. सावळी म्हणावं तर तेही नव्हे.

"नाचणीच्या भाकरीसारखा," तो म्हणाला. "ताज्या नाही. सकाळची दुपारी खायला घेतो ना, तसा."

"हे मी इंग्रजीत कसं लिहू?"

"त्यांच्याकडे नाचणी नाही होत?"

"मला काय माहीत. आणि होत असली तरी तुमची सकाळची भाकरी त्यांच्याकडे कुठे असणार?"

रोहिदासच्या पिशवीत डबा होता. उज्ज्वला गेल्यापासून तो स्वतःच भाकऱ्या थापायचा, वेड्यावाकड्या. त्यानं फडकं सोडून त्यातली एक काढली आणि हर्षदाच्या पुढे धरली. "ही पाठव."

"म्हणजे?"

"त्या मशीनच्या काचेवर ठेव. उज्ज्वला पळसाचं फूल ठेवायची ना त्याच्यावर? हळदकुंडही ठेवलं होतं. मला सांगितलेलं."

हर्षदाला आठवलं. उज्ज्वला रंग शोधायला खरंच काहीबाही आणून स्कॅनरवर ठेवायची आणि सुदर्शनभाऊंच्या शिव्या खायची. हर्षदानं स्कॅनरचं झाकण उघडलं, भाकरी काचेवर ठेवली आणि वरून हलकेच दाबली. आतला दिवा भाकरीखालून सरकत गेला. नेमके तेव्हाच सुदर्शनभाऊ पडदा सारून आत आले.

"काय चाललंय?"

"स्कॅनिंग," हर्षदा म्हणाली.

"भाकरीचं?"

"ताईच्या रंगासाठी आहे, भाऊ."

सुदर्शनभाऊंनी रोहिदासकडे पाहिलं, स्कॅनरकडे पाहिलं. "तुझ्या बायकोनं माझ्या काचेवर मासोळी ठेवायची तेवढी बाकी ठेवली होती," ते म्हणाले. मग खिशातला रुमाल हर्षदापुढे टाकला. "झाल्यावर चुरा पुसा नीट. मुंग्या लागतील." आणि पडदा सोडून बाहेर गेले.

भाकरी कॉम्प्युटरवर उमटली. मधे फुगलेली, कडेला करपलेली, बोटांचे ठसे असलेली. ती सेबूला गेली. उरलेली रोहिदासनं आणि हर्षदानं चटणीबरोबर खाल्ली.

चित्र आलं तेव्हा शेतात लवकर पिकणारा हळवा भात कापणीला आला होता. रोहिदास दुकानात उभा राहून बघतच राहिला. धूर गेला होता. कातडी अगदी तशीच, सकाळच्या भाकरीची. केसांत तेलाची चमक, गालाच्या खाली जराशी सावली, लुगडं जांभळं. ओठांवरचं तिचं ते अर्धं हसू फोटोत आहे हे त्याला आजवर कळलंच नव्हतं.

"छान केलंय ना?" हर्षदानं विचारलं.

त्यानं मान हलवली. सुदर्शनभाऊंनी चांगल्या जाड कागदावर मोठं छापून दिलं आणि रोहिदासनं पैशाचं काढलं तर त्याच्यावर ओरडले.

सुट्टीच्या दिवशी तो ते घेऊन मोखाड्याला गेला. भागी ओसरीवर बसली होती, जिथं पूर्वी ढवळूचे मुखवटे वाळायचे तिथंच. रोहिदासनं चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हाकडे धरलं, डोळ्याच्या अगदी जवळ नेलं, परत लांब नेलं. तिचा चेहरा उजळला. तिला दिसत होतं.

"बाय चांगली हाय," ती म्हणाली. "कुनाची?"

रोहिदासला वाटलं, ती चेष्टा करते. "आई, उज्ज्वला आहे ती."

"नाय रं."

"अगं, तिचाच फोटो आहे. तुझ्या पेटीतला."

"मना दिसतंय आता, तू नको शिकवू. ही कोनतरी शिकलेली बाय हाय. मास्तरीण." तिनं बोट चित्रावर टेकवलं, हनुवटीवर. "माझ्या पोरीची गोंदनं कुठं गेली?"

तेव्हा रोहिदासला दिसलं. उज्ज्वलाच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, त्रिकोणात. कपाळावर भुवयांच्या मधे एक उभी रेघ आणि तिच्याखाली ठिपका. लहानपणी जत्रेत भागीच्या मांडीवर बसून रडत रडत काढलेली गोंदणं. चित्रात हनुवटी स्वच्छ होती, कपाळ स्वच्छ होतं, कुंकूही नव्हतं. तो इतके दिवस ते चित्र बघत होता आणि नुसता आनंदात होता.

"राहिलं," तो म्हणाला. "सांगतो त्यांना."

"सांग. चांगली केलीय. पन माझी नाय ती."

हर्षदानं कळवलं. तेरेसाचं उत्तर वाचताना हर्षदालाच हसू यायला लागलं आणि ती ते दाबत होती.

"काय म्हणते?"

"भाऊजी, तिला वाटलं फोटो जुना आहे, धूळ बसलीय. डाग आहेत. तिनं एकेक डाग बसून पुसला. कातडीला धक्का लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पुसला म्हणते. सबंध संध्याकाळ गेली त्यात. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. म्हणते, मी तुमच्या बायकोचा चेहरा पुसला, मला क्षमा करा."

रोहिदास हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. उज्ज्वला गेल्यापासून त्याचा तसा आवाज निघाला नव्हता. पुढे झेरॉक्सला उभं असलेलं गिऱ्हाईक पडद्याकडे बघायला लागलं.

"तिला लिही," तो डोळे पुसत म्हणाला. "उज्ज्वलानं तुमच्या भल्या पोराला राक्षस केलं होतं. तुम्ही तिची मास्तरीण केलीत. फिटलं म्हणावं."

"असंच लिहू?"

"असंच लिही. आणि लिही, की उज्ज्वला असती तर चार दिवस हसली असती."

हर्षदानं गोंदणाचं सगळं नीट लिहिलं. ते शाईचं नसतं, कातडीच्या आत असतं, काळं नसतं, हिरवट निळं असतं. रंग दाखवायला ती स्वतःच्या आजीला मुद्दाम गावाहून घेऊन आली आणि आजीचा गोंदलेला हात काचेवर ठेवून स्कॅन केला. आजी हात दाबून बसली आणि विचारत राहिली, "चटका बसेल का गं?" या वेळी सुदर्शनभाऊंनी आजीला खुर्ची दिली.

तेरेसानं गोंदणं परत काढली. कुंकू लावलं. आणि खाली लिहिलं, साडी मी जांभळी केली, पण तो माझा अंदाज होता. उज्ज्वला अंदाजानं रंग भरत नसे हे मला माहीत आहे. खरा रंग कोणता?

रोहिदासनं आठवून पाहिलं. पण फोटो लग्नाआधीचा, त्यानं ते लुगडं कधी पाहिलंच नव्हतं.

"विचारून येतो," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं, की उज्ज्वलानं परत पाठवलेली माणसं दुकानातून अशीच हे म्हणत निघत असतील.

दिवाळीच्या सुट्टीत तो नवं चित्र घेऊन गेला. भागीनं ते उन्हात धरलं. तिनं अंगठा हनुवटीवरच्या ठिपक्यांवरून फिरवला, एक, मग दुसरा, मग तिसरा. कागद गुळगुळीत होता, तिला हाताला काही लागत नव्हतं, तरी ती फिरवत राहिली.

"रडली लय," ती म्हणाली. "गोंदताना. माझ्या दंडाला चावली होती." मग चित्राला म्हणाली, "आलीस गं."

रोहिदास ओसरीच्या खांबाला टेकून बसला. समोरच्या उतारावर कापलेली नाचणी पसरली होती. त्याला तेरेसा कशी दिसते ते माहीत नव्हतं, तिचं आयकॉन तेवढं माहीत होतं. निळ्या केसांची एक मुलगी, उज्ज्वलानंच रंगवलेली. महिना उलटल्यावर तिनं रंग परत चढवला होता. त्या मुलीला त्यानं मनातल्या मनात हात जोडले. हर्षदाला जोडले, तिच्या आजीला जोडले, सुदर्शनभाऊंनाही जोडले.

"आई," थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे लुगडं कुठल्या रंगाचं होतं?"

"जांभळं दिसतंय की."

"ते त्यांनी अंदाजानं भरलंय. खरं कुठलं होतं?"

भागीनं पुष्कळ विचार केला. "ते आपलं नव्हतं. फोटोला चांगलं पायजे म्हनून शेजारच्या गंगीचं मागून आनलं होतं. तिच्या भावानं घेतलेलं. हिरवं होतं." ती थांबली. "का डाळिंबी होतं? गंगीकडं दोन होती. मना नाय सांगता येयाचं."

"गंगीमावशी?"

"ती कवाच गेली."

जांभळं राहू द्यावं असं एकदा रोहिदासच्या मनात आलं. चांगलं दिसत होतं आणि भागीचं काही म्हणणं नव्हतं. पण ते घरी नेऊन लावलं असतं तर येता-जाता त्याला उज्ज्वलाचा आवाज ऐकू आला असता, कोणाला विचारलंत, म्हणून. पुढच्या बाजाराला त्यानं हर्षदाला सांगितलं, की तेरेसाला लिही, चेहरा, केस, गोंदण, कुंकू सगळं बरोबर आहे, भाकरीही बरोबर आहे, तुमचे उपकार आहेत. लुगड्याची काच तेवढी पुसून टाका.

"अर्धवट दिसेल हो भाऊजी," हर्षदा म्हणाली. "चेहरा रंगीत आणि साडी राखाडी."

"दिसू दे."

तेरेसानं का म्हणून विचारलं नाही. तिनं तसं करून पाठवलं आणि म्हणाली, ती काच मी जपून ठेवलीय, कळेल तेव्हा सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सुदर्शनभाऊंनी दोन छापून दिली. एक मोखाड्याला भागीच्या ओसरीवर आहे, खाली, तिला उठून जवळ जाता येईल अशा उंचीवर. एक साखरशेतच्या घरात. येणारी माणसं आधी चेहऱ्याकडे बघतात आणि मग लुगड्याकडे बघून विचारतात, आणि रोहिदास त्यांना सगळं सांगतो, भाकरीपासून.

गंगीची मुलगी येसू वाडा तालुक्यात दिलेली आहे, एवढं कळलंय. तिला आईची लुगडी आठवत असतील. तिच्याकडे अजून जाणं झालेलं नाही, आणि लुगड्याचा रंग भरायचा राहिला आहे.